खोट्या रस्त्यावरचा खरा काटा

मोटारीच्या स्टिअरिंगमागे बसवलेले मीटर त्या मोटारीविषयी स्वतःहून काहीच जाणत नाहीत. वेगाचा काटा चाकाकडे पाहत नाही आणि इंधनाचा काटा टाकीत डोकावत नाही. फिरणारी एखादी केबल, तारेतून येणारा कमी-अधिक विद्युतप्रवाह, विजेच्या ठोक्यांची म्हणजे पल्सची मालिका किंवा अंकांत बांधलेला संदेश यांपैकी काहीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि जे येईल त्यावर विश्वास ठेवून काटा निमूटपणे फिरतो. घरच्या घरी प्लायवूड जोडून, त्यात संगणक, पडदा, स्टिअरिंग आणि पेडल बसवून तयार केलेल्या ड्रायव्हिंग गेमच्या कॅबिनेटमध्ये खऱ्या मोटारीचे मीटर चालवता येतात ते याच भोळेपणामुळे. मोटार नसली तरी चालते. मीटरला त्याच्या पिढीनुसार जो निरोप समजतो तो वेळेवर आणि अचूक तयार करून देण्याची सोय मात्र असावी लागते. या छंदातले बहुतेक कौशल्य, आणि बहुतेक फसगतही, हा निरोप तयार करण्यात आहे.

नाणे टाकून खेळायच्या ड्रायव्हिंग गेमचा इतिहास व्हिडिओच्या पडद्याहून जुना आहे. ‘इंटरनॅशनल म्यूटोस्कोप’ या अमेरिकी कंपनीच्या १९४१ मधील ‘ड्राइव्ह मोबाइल’ या यंत्रात फिरत्या पिंपावर रस्ता रंगवलेला असे आणि स्टिअरिंग फिरवून एक लहानशी मोटार त्या रस्त्यावर राखणे हा खेळ असे. अटारी कंपनीच्या १९७४ मधील ‘ग्रॅन ट्रॅक १०’ने स्टिअरिंग, पेडल आणि गिअरचा दांडा ही सामग्री व्हिडिओ गेमला जोडली, सेगाच्या १९८६ मधील ‘आउट रन’ने खेळणाऱ्याला हलत्या आसनात बसवले, तर अटारी गेम्सच्या १९८९ मधील ‘हार्ड ड्रायव्हिन’ने इग्निशनची किल्ली आणि क्लचसुद्धा हाती-पायी दिला. तरीही या परंपरेत मीटर मात्र बहुतांशी पडद्यावरच राहिले. ‘आउट रन’मध्ये वेग आकड्यांत दिसतो आणि ‘हार्ड ड्रायव्हिन’च्या पडद्याच्या खालच्या भागात अख्खा डॅशबोर्ड काट्यांसह चितारलेला आहे. ठळक अपवाद नामको कंपनीने १९९३ मध्ये उभा केला: ‘रिज रेसर’च्या ‘फुल स्केल’ या आवृत्तीत माझदाची खरीखुरी युनोस रोडस्टर मोटार भल्या मोठ्या पडद्यासमोर उभी होती आणि तिच्या डॅशबोर्डवरचे काटे खेळाबरोबर हलत. अशी यंत्रे दुर्मीळ राहिली याचे नवल नाही, कारण पडद्यावर चितारलेल्या काट्याला वेगळा खर्च नसतो आणि तो कधी अडकत नाही, तर दिवसभर अनोळखी हात लागणाऱ्या यंत्रात नाजूक हलते भाग वाढवणे म्हणजे दुरुस्तीला आमंत्रण असते. घरच्या कॅबिनेटला ही अडचण नाही.

खऱ्या काट्याचे समर्थन केवळ हौस म्हणून करण्याचीही गरज नाही. पडद्यावरचे मीटर रस्त्याचाच एक कोपरा व्यापतात आणि नजर ज्या सपाटीवर रस्ता पाहते त्याच सपाटीवर आकडेही वाचू लागते. खऱ्या मोटारीत मात्र मीटर रस्त्यापेक्षा जवळ आणि खाली असतात, त्यामुळे चालकाची नजर क्षणभर खाली उतरून पुन्हा वर जाते. शिवाय काट्याचा कल हा वाचावा लागत नाही, तो नजरेच्या कडेलाही जाणवतो. म्हणूनच इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे दाखवणारा टॅकोमीटर, ज्याला आपल्याकडे सर्रास आरपीएम मीटर म्हणतात, तो गेमच्या कॅबिनेटमध्ये वेगाच्या मीटरपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. शर्यतीत वेग किती हे कळून फारसे काही करता येत नाही, पण काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आहे हे कळले की गिअर बदलता येतो. एकच मीटर बसवायचा असेल तर तो आरपीएमचाच असावा.

पहिला प्रश्न गेमच्या पोटातली माहिती बाहेर कशी काढायची हा आहे. चालू यंत्राची मोजमापे दुसरीकडे पाठवण्याच्या व्यवस्थेला टेलिमेट्री म्हणतात आणि मोटारीच्या हालचालींचे गणित बारकाईने करणाऱ्या बहुतेक संगणकीय गेममध्ये ती आता मुद्दाम ठेवलेली असते. ‘लाइव्ह फॉर स्पीड’ या ब्रिटिश गेममधील ‘आउटगेज’ ही सोय तर बाहेरच्या डॅशबोर्डसाठीच बनवलेली आहे. गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती चालू केली की गेम सेकंदाला अनेकदा माहितीचे एक छोटे पॅकेट सोडतो आणि त्यात वेग, इंजिनचे फेरे, गिअर, टर्बोचा दाब, इंजिनचे तापमान, तेलाचा दाब आणि उरलेले इंधन हे आकडे ठरलेल्या क्रमाने असतात. हँडब्रेक, हाय बीम, डावा-उजवा इंडिकेटर, बॅटरी अशा दिव्यांसाठी एकाच संख्येतील वेगवेगळे बिट राखलेले असतात. वेग मीटर प्रति सेकंद या एककात येतो, म्हणून त्याला ३.६ने गुणावे लागते, आणि गिअरच्या मोजणीत शून्य म्हणजे रिव्हर्स, एक म्हणजे न्यूट्रल आणि दोन म्हणजे पहिला गिअर असतो. ‘बीमएनजी ड्राइव्ह’ हा गेमही हीच पद्धत समजतो. पॅकेट पाठवण्याची रीत यूडीपी नावाची आहे. पोस्टकार्ड पेटीत टाकावे तसे पॅकेट सोडून द्यायचे, पोहोचल्याची पावती मागायची नाही. एखादे पॅकेट हरवले तरी पुढचे लगेच येणार असल्यामुळे मीटरसाठी ही बेफिकिरी चालून जाते.

प्रत्येक गेमची पद्धत मात्र सारखी नाही. ‘असेटो कोर्सा’ आणि ‘आयरेसिंग’ हे गेम संगणकाच्या मेमरीचा एक भाग इतर प्रोग्रॅमना वाचण्यासाठी मोकळा ठेवतात, आणि प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये याच कामासाठी वेगळी जोडणी दिली आहे. या सगळ्या पद्धती ओळखून निघणारे आकडे बाहेरच्या सर्किटकडे धाडणारा ‘सिमहब’सारखा तयार प्रोग्रॅम वापरला तर स्वतः काही लिहिण्याची फारशी गरज उरत नाही. खरी गंमत आहे ती जुन्या आर्केड गेममध्ये. ‘मेम’ हा १९९७ पासून विकसित होत असलेला प्रोग्रॅम जुन्या आर्केड यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक्सची हुबेहूब नक्कल संगणकात करतो. मूळ यंत्रात मीटर नसले तरी वेगाचा आकडा त्याच्या मेमरीत कुठेतरी असतोच, कारण तो असल्याशिवाय पडद्यावर लिहिता आला नसता. मोटार थांबलेली, हळू चालणारी आणि भरधाव असताना मेमरीतील कोणत्या जागेचा आकडा त्याच प्रमाणात बदलला हे चाळत गेले की ती जागा सापडते, आणि मग मेममध्येच चालणाऱ्या लुआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने ती सतत वाचता येते. इंजिनच्या फेऱ्यांचा वेगळा हिशेबच नसलेल्या गेममध्ये ते वेग आणि गिअर यांवरून काढावे लागतात. तो काटा मग खेळाचा राहत नाही, बनवणाऱ्याच्या कल्पनेचा होतो. पण गिअर बदलला की तो खाली पडतो आणि पुन्हा चढतो एवढे जमले तर खेळणाऱ्याला पुरते.

आकडा हाती आला तरी तो नेमका कशाचा हे पाहणे आवश्यक असते. खऱ्या मोटारीचा वेग गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्यावरून किंवा चाकावरून मोजला जातो, रस्त्यावरून नव्हे. त्यामुळे चिखलात चाके जागच्या जागी गरगरू लागली की मोटार थांबलेली असूनही काटा वर चढतो, आणि ब्रेक लावून चाके अडकली की मोटार घसरत असतानाच काटा शून्याकडे कोसळतो. गेम मात्र पुष्कळदा मोटारीच्या सांगाड्याचा खरा वेग देतो, जो कोणत्याही साध्या मीटरला कधी कळलेला नसतो. चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग उपलब्ध असेल तर तोच घ्यावा. मोटारीच्या मीटरने मोटारीच्याच चुका कराव्यात, नाहीतर खरा मीटर बसवण्यात स्वारस्य ते काय?

आता दुसरे टोक, म्हणजे खुद्द मीटर. त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरातील ओट्टो शुल्झे याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली रचना पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत चालली. तिच्यात गिअरबॉक्सकडून किंवा चाकाकडून येणारी लवचीक केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती त्याला न टेकता अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते, फिरत्या चुंबकामुळे त्या वाटीत विजेचे भोवरे निर्माण होतात आणि त्यांच्या ओढीने वाटीही चुंबकाच्या मागे वळू पाहते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे ओढून धरते. वेग जितका जास्त तितकी ही ओढ जास्त, आणि वाटीच्या आसालाच काटा जोडलेला. प्रीमियर पद्मिनी, अँबेसिडर आणि असंख्य स्कूटर-मोटारसायकली याच तत्त्वावर वेग दाखवत आल्या, आणि ‘मीटर केबल तुटली’ ही तक्रार ठाऊक नसलेला गॅरेजवाला सापडणे कठीण. असा मीटर कॅबिनेटमध्ये चालवायचा तर केबलच्या जागी छोटी मोटर हवी. जपानी मानकाप्रमाणे ताशी ६० किलोमीटरला केबल मिनिटाला ६३७ फेरे घेते, म्हणजे १२०ला १,२७४. दुचाक्यांचे आणि इतर देशांच्या गाड्यांचे प्रमाण वेगळे असू शकते. साध्या डीसी मोटरची गती भाराप्रमाणे आणि तापल्यावर बदलते, म्हणून फेरे मोजणारा सेन्सर लावून ती सतत दुरुस्त करावी लागते. एवढा खटाटोप करून शेवटी मोटरची घरघर ऐकू येतेच. पण या काट्याची किंचित थरथरती, सावकाश सावरणारी चाल दुसऱ्या कोणत्याही उपायाने साधत नाही, आणि सत्तरच्या दशकातली मोटार उभी करायची असेल तर ही घरघरसुद्धा सोसावी.

इंधन आणि तापमान यांचे जुने मीटर त्याहून सोपे आहेत. त्यांतील पुष्कळांमध्ये दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून प्रवाह गेला की पट्टी तापते, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे ती वाकते आणि काट्याला ढकलते. मोटारीत हा प्रवाह टाकीतल्या तरंगत्या सेन्सरच्या रोधावर ठरतो. हा रोध काही युरोपीय गाड्यांत १० ते १८० ओहम असतो तर जनरल मोटर्सच्या अमेरिकी गाड्यांत शून्य ते ९०. कॅबिनेटमध्ये सेन्सरऐवजी एक ट्रान्झिस्टर बसवून तो भराभर चालू-बंद केला आणि चालू राहण्याच्या वेळेचे प्रमाण कमी-जास्त केले की पट्टीला सरासरी तितकीच ऊब मिळते. पट्टी मंद असल्याने चालू-बंद होण्याचा मागमूसही काट्यावर दिसत नाही. ज्या जुन्या आर्केड गेममध्ये इंधन नसते, तेथे उरलेल्या वेळेचे घड्याळ इंधनाच्या काट्याला जोडण्याची युक्ती करता येते: वेळ संपत आली की टाकी रिकामी होते.

मधल्या पिढीचे, म्हणजे साधारणतः ऐंशीच्या दशकापासून पुढच्या बऱ्याच गाड्यांतले वेगाचे आणि आरपीएमचे मीटर पल्सवर चालतात, आणि पहिल्या प्रयत्नासाठी हेच सर्वांत योग्य. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणून मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० पल्स आणि ६,००० म्हणजे २००. तीन सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला दीडच ठिणगी असल्याने तोच ३,०००चा काटा ७५ पल्सवर येतो. वेगासाठी जपानी पद्धतीच्या सेन्सरकडून किलोमीटरमागे २,५४८ पल्स येतात, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ४२. हे काम करायला पुष्कळजण आर्डुइनो हे छोटे स्वस्त बोर्ड घेतात. इटलीतील इव्हरेया येथे २००५च्या सुमारास शिक्षणासाठी तयार झालेल्या या बोर्डावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक, असतो. मुख्य संगणकाकडून यूएसबीच्या तारेने आकडे घेऊन तो हव्या तितक्या पल्स सोडतो. नवशिका येथे एका ठरावीक ठिकाणी अडतो. पल्स काढण्यासाठी आर्डुइनोमध्ये ‘टोन’ नावाची तयार आज्ञा आहे, पण ती मुळात भोंगा वाजवण्यासाठी केलेली असल्याने सेकंदाला ३१पेक्षा कमी पल्स देऊ शकत नाही आणि एका वेळी एकच स्वर काढते. परिणामी आरपीएमचा काटा ९३०च्या खाली येत नाही, म्हणजे मोटार निवांत उभी असतानाचे आठशे फेरे दाखवताच येत नाहीत. वेगाचा काटा ताशी ४४च्या आसपास एकदम उगवतो. आणि दोन्ही मीटर एकाच वेळी चालत नाहीत. चिपमधले वेळ मोजणारे भाग, ज्यांना टायमर म्हणतात, थेट हाताळले की या तिन्ही अडचणी जातात.

पल्सची उंचीही महत्त्वाची असते. आर्डुइनो पाच व्होल्ट देतो आणि मोटारीचा मीटर बारा व्होल्टची अपेक्षा धरतो, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो. काही जुने आरपीएम मीटर त्यानेही हलत नाहीत, कारण ते थेट इग्निशन कॉइलला जोडले जात आणि ठिणगीच्या क्षणी कॉइलमध्ये उसळणारा शेकडो व्होल्टचा झटका हीच त्यांची पल्स होती. त्यांच्यासाठी छंदी लोकांनी शोधलेला तोडगा सुबक आहे: एका लहान रिलेची कॉइल ट्रान्झिस्टरने चालू-बंद करायची, म्हणजे प्रवाह तुटताक्षणी तिच्यातही तसाच, पण लहान झटका उसळतो आणि मीटर त्याला ठिणगी समजतो. तो झटका सोसेल असा ट्रान्झिस्टर मात्र निवडला पाहिजे, आणि चालू सर्किटला हात लावू नये.

अशा अनेक मीटरच्या आत काटा फिरवणारे यंत्र ‘एअर-कोअर’ प्रकारचे असते. एकमेकींशी काटकोनात गुंडाळलेल्या दोन कॉइलच्या मधोमध काट्याला जोडलेली चुंबकाची चकती असते. दोन्ही कॉइलमधील प्रवाहांचे प्रमाण आणि दिशा मिळून चुंबकीय क्षेत्राचा रोख ठरतो आणि चकती त्या रोखाने वळून स्थिर होते. शाळेत त्रिकोणमितीत शिकवली जाणारी साइन आणि कोसाइन ही गुणोत्तरे येथे प्रत्यक्ष तांब्याच्या तारेत उतरलेली आहेत: हव्या त्या कोनाचा साइन एका कॉइलला, कोसाइन दुसरीला. काटा थरथरू नये म्हणून आत घट्ट सिलिकॉन तेल असते. मीटरचे मूळ सर्किट शाबूत असेल तर हे गणित तेच करते. जळलेले असेल तरच ते करणारी वेगळी चिप शोधण्याची वेळ येते.

नव्वदच्या दशकानंतर डॅशबोर्डवर स्टेपर मोटर आली आणि या छंदाला खरी उभारी तिनेच दिली. स्टेपर म्हणजे सलग न फिरता ठरावीक मापाच्या पावलांनी सरकणारी मोटर. ‘स्विटेक’ या स्विस नावाने ओळखली जाणारी ‘एक्स-२७’ जातीची मोटर काडेपेटीपेक्षाही लहान असते. आतल्या दातेरी चाकांमुळे काटा एका पावलाला एक तृतीयांश अंश सरकतो आणि एकूण ३१५ अंश फिरतो, म्हणजे सगळी मिळून ९४५ पावले. तिच्या प्रत्येक कॉइलला पाच व्होल्टला जेमतेम २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे मधल्या कोणत्याही सर्किटशिवाय ती आर्डुइनोच्या चार पिनांना जोडता येते. शून्य ते ८,००० फेऱ्यांची तबकडी २७० अंशांत आखली तर तीत ८१० पावले बसतात आणि एक पाऊल दहा फेऱ्यांचे होते, जे डोळ्याला दिसणाऱ्या बारकाव्याच्या पलीकडचे आहे. अनेक गाड्यांत ती निकामी होत असल्याने सुटा भाग म्हणून ती सहज आणि स्वस्त मिळते.

तिचा दोष एकच, पण तो समजून घेतला नाही तर सगळे बिघडते: काटा आत्ता कुठे आहे हे तिला माहीत नसते. किती पावले दिली एवढेच सांगणारा हिशेब बाहेर ठेवावा लागतो आणि एखादे पाऊल चुकले तर ती चूक पुढे तशीच राहते. म्हणून सुरुवातीला काट्याला ३१५ अंश उलटे फिरवून आतल्या अडथळ्यावर टेकवतात आणि त्या जागेला शून्य मानतात. पाऊल चुकण्याचे मुख्य कारण घाई. ही मोटर सेकंदाला जास्तीत जास्त ६०० अंशांच्या आसपास फिरू शकते, पण थांबलेल्या काट्याला तो वेग एकदम मागितला तर तो जागीच अडखळतो. म्हणून पावलांमधला वेळ हळूहळू कमी करत नेऊन गती वाढवावी लागते आणि थांबण्याआधी तशीच उतरवावी लागते. सुदैवाने अशी चढ-उतार काट्याला वजनदार, खराखुरा भासही देते. खेळण्यातली विमाने चालवायच्या सर्व्हो मोटरने काटे फिरवण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण तिची चाल झटक्यांची आणि आवाज कुरकुरणारा असतो. एकदा चालू स्टेपर पाहिली की सर्व्होकडे परत वळावेसे वाटत नाही.

आधुनिक मोटारीचा अख्खा मीटर कन्सोल भंगारातून आणून तसाच चालवावा ही कल्पना सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कष्टाची आहे. त्याला पल्स समजत नाही. त्याला ‘कॅन’ या जाळ्यावरून येणारे संदेश लागतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे जाहीर केली, आणि तिच्यामुळे मोटारीतील इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे छोटे संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागले. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असतो, पण कोणत्या क्रमांकात इंजिनचे फेरे आणि कोणत्यात तापमान हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते आणि सहसा जाहीर करत नाही. ते शोधण्यासाठी चालू मोटारीच्या तारांवर कान ठेवून कोणता आकडा कशाबरोबर बदलतो हे टिपावे लागते. ते सापडले तरी संदेश सेकंदाला अनेकदा न चुकता पाठवत राहावे लागतात. जरा खंड पडला की कन्सोल काटे खाली टाकतो. आणि एअरबॅग किंवा एबीएसकडून काहीच ऐकू न आल्याने त्यांचे लाल-पिवळे दिवे जळत राहतात, ते विझवण्यासाठी त्या नसलेल्या यंत्रणांच्या वतीनेही खोटे संदेश द्यावे लागतात. ज्याला हे कोडे सोडवण्यातच रस आहे त्याने या वाटेने जरूर जावे. ज्याला दिवाळीच्या सुट्टीत खेळायचे आहे त्याने स्टेपर घ्यावी.

सुटे भाग मिळवणे महाराष्ट्रात फारसे कठीण नाही. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गाड्यांचे सामान निघते, आणि बोर्ड, ट्रान्झिस्टर, तारा यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड व पुण्यात तपकीर गल्ली आहे. मीटर घेताना त्याचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, वीतभर वायरिंगसकट कापून मागावा. तो नसेल तर कोणत्या पिनेवर काय हे शोधण्यात जीव मेटाकुटीला येतो. बारा व्होल्टचा पुरवठा संगणकाच्याच पॉवर सप्लायमधून पिवळ्या तारेने घेता येतो, मात्र मीटर, बोर्ड आणि संगणक या तिघांचा अर्थ, म्हणजे परतीची समान तार, एकत्र जोडलेला असलाच पाहिजे. नवख्यांच्या कॅबिनेटमध्ये काटा उगाच थरथरत असेल तर पहिला संशय या तारेवर घ्यावा.

जोडणी झाली तरी काटा तबकडीवरच्या आकड्यांवर नेमका येईलच असे नाही, कारण पुष्कळ तबकड्यांवरील खुणा समान अंतरावर नसतात. एकाच गुणकाने हे सुटत नाही. प्रत्येक मोठ्या खुणेवर काटा बरोबर कधी येतो ते नोंदवून त्याचे कोष्टक बोर्डाला द्यायचे आणि मधल्या जागा प्रमाणाने भरायच्या. रस्त्यावरच्या मोटारीचे मीटर तर कायद्यानेच थोडे पुढे असतात: संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कमी कधीच नसावा आणि जास्त असला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी चार किलोमीटर एवढाच असावा, म्हणजे खऱ्या १००ला काटा १०० ते ११४ यांच्यामध्ये कुठेही चालतो. गेमच्या कॅबिनेटला हा नियम लागू नाही, पण पडद्यावरचा आकडा आणि काटा यांत दोन-चार किलोमीटरचा फरक दिसला म्हणून रात्र जागवण्याचेही कारण नाही.

दोन गोष्टी सहसा शेवटी आठवतात. गेम बंद पडला किंवा विश्रांतीला थांबवला की पॅकेटे येणे थांबते आणि काटा शेवटच्या निरोपावर अडून राहतो. थांबलेल्या खेळात ताशी १८० दाखवणारा मीटर फार विचित्र दिसतो, म्हणून अर्धा-एक सेकंद काही आले नाही तर सगळे काटे शून्यावर न्यावेत असे बोर्डाला आधीच सांगून ठेवावे. दुसरी गोष्ट ओडोमीटरची, म्हणजे मोटार एकूण किती किलोमीटर चालली हे मोजणाऱ्या आकड्यांची. केबलवर किंवा पल्सवर चालणाऱ्या मीटरमध्ये तोही त्याच निरोपावर पुढे सरकतो, त्यामुळे पडद्यावरच्या रस्त्यांचे किलोमीटर मूळ मोटारीच्या खऱ्या किलोमीटरांत मिसळत जातात. असा मीटर पुन्हा कोणा मित्राच्या गाडीत बसवायला देऊ नये, कारण जुनी गाडी घेणारा तिची किंमत त्याच आकड्याकडे पाहून ठरवतो.